बेत शरफखान्याचा

जेवणं झाली, दस्तरखान अजून उचललेलं नव्हतं,
त्यावरच यशारनं नकाशा पसरला,
टरबुजाच्या बिया बाजूला सारत.
तो म्हणाला, कास्पियन.
आयतन म्हणाली, वान. सीमेपलीकडे.
तिच्या मैत्रिणी जाऊन आल्यात,
ओढण्या गाडीतच ठेवून.
बहरूझनं पाकिटाच्या पाठीवर पेट्रोलचा हिशेब मांडला,
खोडला, पुन्हा मांडला,
तिसऱ्यांदाही बेरीज तीच आल्यावर
चहा मागितला.

आई साखरेचा खडा दातात धरून म्हणाली,
शरफखाना.
तबरीझहून दीड तास. गुडघ्यांना चिखल लावायचाय.

तिला ठाऊक नव्हतं असं नाही.
टीव्हीवर दाखवतात, तिनं पाहिलंय.
पण टीव्हीवाले काय,
कुठलंही माळरान दाखवून म्हणतील, हा तुमचा दर्या.
आणि असेलही आटला.
आजारी माणसाला भेटायला जातोच ना आपण?
ज्याचं मीठ अंगाला लावलं
त्याला एकदा तोंड तरी दाखवून यावं.

मी सात वर्षांची होते तेव्हा
मामाची पांढरी पेकान, टपावर गुंडाळलेला गालिचा,
सामोवार माझ्या मांडीवर, रिकामा, तरी जड.
किनाऱ्यावर कापडाचा पडदा,
अलीकडे बायका, पलीकडे बाप्ये,
आणि मी लहान, म्हणून दोन्हीकडची.
पलीकडे बाबा पाण्यावर उताणे पडून
पेपर वाचायचे, कोपराही भिजू न देता.
अलीकडे आई, कमरेपर्यंत काळी,
हसताना फक्त दात पांढरे.
बुडायचं म्हटलं तरी बुडता येत नसे त्या पाण्यात.
मी खूप प्रयत्न केला होता.
बाहेर आलं की अंगभर मिठाची खरखरीत नक्षी,
मग आई एकेकाला नळाखाली धरून
भांडी खंगाळावीत तसं खंगाळायची.

शुक्रवारी निघालो. आयतन कानात गाणी घालून बसली.

धक्का होता. जिथं होता तिथंच,
पांढऱ्यात लांबवर गेलेला, आणि मग संपलेला.
त्याला टेकून गंजलेली बोट, तिच्या पोटाखाली
कुणीतरी शेकोटी केल्याची राख.
दुकानं बंद. एकच माणूस
जुन्या छत्रीखाली चिखल विकत होता,
बरण्यांत भरलेला, झाकणावर रबर लावून.
आईनं बरणी उन्हात धरली, वास घेतला,
आणि त्याच्याशी अर्धा तास घासाघीस केली.
चिखल! विकत! तोही आमच्याच दर्याचा!
शेवटी दोन घेतल्या.

वारा सुटला तसं मीठ उडालं.
आईचा चष्मा पांढरा झाला.
तिनं तो पुसला नाही बराच वेळ.

माझा अराज तोवर पुढे पळाला होता,
जिथं पायडलच्या हंस-होड्या
एकमेकींवर रेलून पडल्या होत्या.
एकीत चढला. मान तुटलेला हंस, तरी साखळी शाबूत.
मारू लागला पायडल,
खालचं चाक हवेत गरगरलं,
बारीक मीठ मागे उधळलं, शिंतोड्यांसारखं.
आजी, बघ! आजी!

आईनं दोन्ही हात तोंडाशी नेले
आणि ओरडली, त्याच जुन्या आवाजात,
फार आत नको जाऊस!

यशार हसला. मग नाही हसला.

परतताना तिनं गाडीतच मोजे काढले,
गुडघ्यांवर चिखल थापला,
बहरूझच्या नव्या सीट-कव्हरवरही थोडा.
तो काही बोलला नाही.
सूफियानच्या वळणाला तिनं विचारलं,
त्या वानला तळं आहे ना?
आयतननं कानातलं काढलं. हो, मोठं आहे.
मग पुढच्या वर्षावर टाकू नका, आई म्हणाली,
आणि काच खाली करून
हातातला चिखल वाऱ्यावर वाळवत बसली.